फणस, जनेल, पोदेर

सुमनकाकी पासवर्ड ओरडून टाइप करायची. पेडण्यातल्या आमच्या वाड्यावर "मोगरा एक दोन तीन!" ऐकू आलं की समजावं, शेजारच्या काकीने फोन हातात घेतला. वीजबिल, साड्या, फोटो, सगळीकडे तोच मोगरा. "चार दारांक चार चाव्यो कोण सांभाळतलो, बाये?" मी गप्प बसे. तशी मी सगळीकडेच गप्प असते.

मग ती साड्या मागवायची त्या दुकानाच्या संकेतस्थळावरून गिऱ्हाइकांचे पासवर्ड चोरीला गेले. पाठोपाठ तिच्या दुसऱ्या एका खात्यात कुणीतरी परक्या शहरातून शिरल्याची सूचना आली. त्या खात्यात तिच्या दिवंगत आईने गायलेली धालोंची गाणी होती, पौषातल्या रात्री बायका मांडाच्या अंगणात नाचत म्हणतात ती. ती ध्वनिमुद्रणं दुसरीकडे कुठेच नव्हती. काकीचा आवाजच बसला.

गाणी शाबूत होती. मी नवा पासवर्ड लावला, एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन शब्दांचा: एक फळ, एक खिडकी, एक पाववाला. "कुणाला सांगू नको हं."

"माका काय पिशी समजलंस?"

सोमवारी ती मला देवळात घेऊन गेली. देवळाचे मानकरी गावकार गाऱ्हाणं घालायला उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराचो पासवर्ड 'फणस, जनेल, पोदेर' आसा. तो कोणाच्या हाताक लागूक दिव नको!"

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ म्हणालं.

"काकी!" मी किंचाळले. लोक वळून बघू लागले.

"मगे? देवाक पुराय नाव सांगूक नाका? नाय तर तो राखण कसली करतलो?"

देवळाच्या पायरीवरच मी पासवर्ड काढून टाकला. आता त्याच्या जागी एक गुप्त चावी फोनच्या पोटात राहणार होती, बोटाने नाहीतर चेहऱ्याने उघडणारी. संकेतस्थळावर चोरण्यासारखं काही उरणार नव्हतं. बोटाचा ठसा काही उमटेना, काजू सोलून सोलून पुसला गेला होता. मग चेहरा घ्यायचं ठरलं.

"कवळी घालून काय काढून?"

"रोज असतेस तशी."

ओरडायला काहीच उरलं नाही म्हणून ती जरा हिरमुसली. मग म्हणाली, "तुझांय थोबाड घाल. खंय कोणाक दाखयनंस, हंय तरी उपेगाक येव दे."

गेल्या वर्षी काकी गेली. यंदा धालोंच्या मांडावर बायकांचं एक कडवं अडलं. कुणालाच आठवेना. मी सगळ्यांच्या मागेच उभी राहून काकीचा फोन तोंडासमोर धरला. अंधारात त्याने मला ओळखलं नाही.

"फुडें यो गो! उजवाडात यो!" बायका ओरडल्या.

मी मांडाच्या मधोमध जाऊन उभी राहिले, सगळ्यांच्या नजरेसमोर. फोन उघडला, आणि काकीच्या आईने ते कडवं पुढे उचललं.