एक दाब, दोन दाब

आप्पा दुकानात गप्प बसलेले कुणी पाहिले नाहीत. पावशेर गूळ बांधताना गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची चौकशी करायचे. कबड्डीच्या मैदानात उतरले की मात्र तोंडाला कुलूप. जळकोटच्या आमच्या संघाचे ते कप्तान. डावा कोपरा त्यांचा. त्यांचा हात धरून शेजारी मी.

सगळा खेळ त्या हातात. एकदा दाबला की थांब, दोनदा दाबला की घूस. "तोंडानं बोललं की समोरच्याला बी ऐकू जातंय," म्हणायचे. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं तरी खवळायचे. "माझ्या थोबाडावर लिहून हाय का? चढाईवाला तुझे डोळे वाचायलाय!" मग भीतीनं मी त्यांची बोटं आवळायचो. "ढिला सोड रं. हात हाय, पोहऱ्याचा दोर न्हाई."

त्या वर्षी पोहरा कोरडाच वर यायचा. मी नववी सोडून दुष्काळी कामावर खडी फोडू लागलो. त्यातच लातूर जिल्हा नवा झालेला, त्याचा पहिलावहिला संघ निवडायचा होता. आप्पांचं खेळायचं वय सरत आलेलं. "एकदा अंगावर जिल्ह्याचं बनियन चढू दे, मग मी हाय अन् तराजू हाय," म्हणायचे.

निवडीचा सामना लातूरला. गुण बरोबरीत, समोरच्यांची शेवटची चढाई. आप्पांनी हात दोनदा दाबला. माझ्या तळव्याला खडीच्या हातोड्याचे घट्टे पडून तो बधिर झालेला. मला कळलंच नाही. संघातून काढतील म्हणून मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. आप्पांनी एकट्यानं चढाईवाल्याचा घोटा धरला आणि गडी त्यांना फरफटत रेषेपार घेऊन गेला. निवड झाली, त्यात आप्पा नव्हते.

परतीच्या एसटीत त्यांनी माझा हात उलटा करून तळवा पाहिला. मी शिव्यांची वाट बघत होतो. "सांगायला काय झालतं, लेका? मनगट धरलं असतं की." एवढंच. पुढं दुकानात ते जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोलले, त्या सामन्यावर नाही.

आज सुरतेत यंत्रमागांच्या खडखडाटात आम्ही हातांनीच बोलतो. मी ते लवकर शिकलो, आप्पांमुळे. पण काम करता करता मधेच मनगटाकडे लक्ष जातं.

गाव सोडताना एसटीच्या खिडकीतून आप्पांनी हात आत घातला होता. तळवा नाही, मनगट धरलं. दोन दाब आले असते तर मी निवांत गेलो असतो. मी वाट पाहत राहिलो. गाडी हलली, तेव्हा कुठं त्यांनी दाबलं.

एकदाच.