डिट्झेल यांच्या मिशांवरचा बर्फ

माझ्या बहिणीचे यजमान ऑगस्ट डिट्झेल आमच्या ओहायो नदीकाठच्या गावात घरोघर जाऊन पियानोचे सूर लावायचे. बुटका बांधा, ओठांवर ओघळलेल्या भल्यामोठ्या मिशा, पोचा पडलेली गोल टोपी आणि हातात अवजारांची कातडी बॅग. माणूस इतका मवाळ की अंगावर कुत्रा धावून आला तर त्याचीच माफी मागतील. असा माणूस कधी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

१९०९ सालचा जानेवारी होता. आमच्या ट्रामच्या डब्यांत शेगड्या नव्हत्या. लोकांनी तक्रार केली की ट्राम कंपनीचे मॅनेजर बार्लोसाहेब म्हणायचे, "पुढच्या हिवाळ्यात बघू." असे सहा हिवाळे गेले. 'क्लॅरियन' हा आमचा संध्याकाळचा पेपर. त्यात पहिल्या पानावर एमरी क्विग नावाचा एक काटकुळा तरुण रोजचं व्यंगचित्र काढायचा. एका सकाळी ट्राममध्ये तो नेमका भावोजींच्या समोरच्या बाकावर बसला होता.

दुसऱ्या दिवशी पेपर हातात पडला आणि मी तशीच लेनाकडे, म्हणजे माझ्या बहिणीकडे, धावत सुटले. चित्रात ट्रामच्या बाकावर एक मिशाळ माणूस कुडकुडत बसला होता, मिशांना बर्फाचे सुळके लोंबत होते. शेजारी फरचा कोट घातलेला एक ढेरपोट्या पेटती शेगडी मांडीवर घेऊन बसलेला. त्याच्या कोटावर लिहिलं होतं, 'कंपनी'. खाली ओळ होती, 'भाडं घेतो, थंडी फुकट देतो!' आणि मिशाळ माणसाचं नाव दिलं होतं, 'मिस्टर कुडकुडे'.

लेना हसता हसता पिठाच्या डब्यावरच बसली. "अगं मिना, हा तर आपला ऑगस्ट! टोपीचा पोचासुद्धा सोडला नाही मेल्याने!"

"हा मी नाही," भावोजी म्हणाले. "माझं नाक एवढं आहे का?"

"नाही रे. त्याने जरा लहानच काढलंय."

पुढच्या सकाळी भावोजी तावातावाने पेपरच्या कचेरीत निघाले. "तू जा बरोबर," लेना मला म्हणाली, "नाहीतर हा त्या पोराचीच माफी मागून येईल."

क्विग शाईने माखलेल्या हातांनी आमच्यासमोर उभा राहिला. पुरता घाबरला होता बिचारा. भावोजींनी घसा खाकरला, चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तुम्ही बॅगेतून माझी तारा पिळायची किल्ली डोकावताना दाखवली आहे."

"हो..."

"ती उलटी आहे. अशी कुणी ठेवतं का? धंद्यातली माणसं हसतील मला."

क्विगने लगेच खुर्ची पुढे केली. "बसा हो, बसा. कशी ठेवतात ते दाखवा." भांडायला गेलेले आमचे भावोजी तिथे दीड तास रमले. येताना शेजारच्या गल्लीतल्या चिखलाची तक्रारही सांगून आले.

मग तो परिपाठच झाला. पियानो लावायला ज्या घरी जातील तिथली बाई कॉफीचा कप पुढे करायची आणि म्हणायची, "डिट्झेल, शाळेचं छप्पर गळतंय, तेवढं चित्रात येऊ दे." कुणी पाणचट दुधाचं सांगायचं, कुणी बंद पडलेल्या दिव्यांचं. आठवड्याच्या आत मिस्टर कुडकुडे गळक्या छपराखाली छत्री घेऊन हजर! रस्त्याने जाताना लोक टोपी उचलून विचारायचे, "काय कुडकुडे, आज कुणाची खोड काढणार?" भावोजी लाजायचे, पण हल्ली मिशांना तेल लावायला लागले होते, हे आमच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

फेब्रुवारीत बार्लोसाहेबांच्या घरून निरोप आला. मुलीचा साखरपुडा आहे, पियानो लावून द्या.

"जाऊ नकोस," लेना म्हणाली. "तळघरात कोंडून ठेवील तो तुला."

"पियानोचा काय दोष त्यात?" असं म्हणून भावोजी गेले. पुढचं त्यांनी इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथेच होते असं मला वाटतं.

सूर लावून होतात न होतात तोच बार्लोबाई एक जाडजूड वही घेऊन आल्या. आत मिस्टर कुडकुडेंची सगळीच्या सगळी चित्रं चिकटवलेली! "एक सही द्या ना," त्या हळूच म्हणाल्या, "आणि ह्यांना काही बोलू नका हं." एवढ्यात दारात बार्लोसाहेब उभे.

"हे काय? माझ्याच घरात?"

"हो, तुमच्याच घरात," बाई म्हणाल्या. "तुम्ही कधी एकदा तरी बसलात का त्या ट्राममध्ये?"

साहेब घोडागाडीतून फिरणारे. त्यांनी भावोजींनाच विचारलं, "खरंच इतकं गारठतं का हो?"

आणि आमच्या मवाळ भावोजींनी आयुष्यातलं सगळ्यात धीट वाक्य उच्चारलं. "साहेब, मी सांगून काय कळणार? चला की माझ्याबरोबर आमच्या घरापर्यंत."

बायकोदेखत नाही कसं म्हणणार? निघाले. दोघं ट्राममध्ये चढले मात्र, अख्ख्या डब्यात कुजबुज, मग खसखस. धुण्याची टोपली घेतलेली एक आयरिश बाई सरकून म्हणाली, "या साहेब, बसा. आज मांडीवर शेगडी नाही आणली?" डबा हसून हसून हलायला लागला. बार्लोसाहेबांचे कान आधीच लाल होते, ते आणखी लाल झाले. पण शेवटी तेही हसले. अर्ध्या वाटेवर त्यांची बोटं बधिर झाली, तेव्हा त्या बाईने टोपलीतला कुणाचा तरी लोकरी पायमोजा काढून त्यांच्या हातात चढवला.

तीन आठवड्यांत प्रत्येक डब्यात शेगडी बसली.

त्या रविवारी लेनाने क्विगला जेवायला बोलावलं. आंबट रश्शातलं मांस आणि बटाट्याचे गोळे त्याने तीनदा वाढून घेतले. जेवणं झाल्यावर भावोजी शर्टाला वेगळी लावायची नवी कडक कॉलर चढवून खुर्चीत ताठ बसले. "क्विग, एकदा माझं खरंखुरं चित्र काढा. गमतीचं नको. भारदस्त."

क्विगने मनापासून प्रयत्न केला. पहिल्या कागदावर नाक हसरं आलं. दुसऱ्यावर कान. तिसऱ्या वेळी तो घामाघूम झाला आणि म्हणाला, "डिट्झेल, माझा इलाज नाही. तुमचा चेहराच ऐकत नाही!" भावोजींनी तिन्ही कागद हातात घेतले, आरशात पाहिलं, पुन्हा कागदांकडे पाहिलं, आणि असे काही हसत सुटले की नवी कॉलर तटकन सुटून टेबलावर उरलेल्या रश्शात पडली.