तीन सासवांचा नियम

वहिनीला घरात वहिनी म्हणणारं कोणीच नव्हतं. नवरा भावंडांत शेंडेफळ. त्यामुळे ती सासूची धाकटी, जावेची 'अगं' आणि टायपिंगच्या वर्गातल्या मुलींची 'बाई'. वहिनी हे नाव तिला मिळालं ते इंटरनेटवर, तेही अशा माणसांकडून ज्यांतल्या एकाचाही चेहरा तिनं पाहिला नव्हता. तसं पहिल्यांदा कोणी लिहिलं याच्या दोन हकिकती सांगितल्या जातात. दोन्ही सांगणारे तो मान स्वतःकडे घेतात, त्यामुळे दोन्हींवर विश्वास ठेवणं कठीण आहे. एवढं मात्र खात्रीनं सांगता येतं, की 'टाका' या प्रोग्रामच्या टपालगटात दुसऱ्या वर्षापासून सगळे तिला वहिनीच म्हणत होते, आणि तिनं त्याला कधी हरकत घेतली नाही.

टाका जन्मला तो अडचणीतून. स्वयंपाकघराला लागून असलेल्या अरुंद खोलीत तिचं विणकामाचं यंत्र होतं: सुयांची लांब रांग, तिच्यावरून डावीकडून उजवीकडे नि पुन्हा डावीकडे सरकणारा एक ठोकळा, आणि कुठल्या सुईनं पुढे यायचं हे सांगणारी छिद्रांची कार्डं. शाळांचे स्वेटर विणून ती संसाराला हातभार लावी. पुढे यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं गाशा गुंडाळला आणि कार्डं मिळेनाशी झाली. यंत्र धडधाकट, पण त्याला नक्षी सांगणारं कोणी उरलं नाही. टायपिंगच्या वर्गात नुकतेच संगणक आले होते. मुलींना ते शिकवता शिकवता वहिनी स्वतः प्रोग्राम लिहायला शिकली होती. तिनं यंत्राची पाठ उघडली, तिथून एक वायर संगणकापर्यंत आणली आणि कार्डाऐवजी संगणकच सुयांना ओळीमागून ओळ सांगेल अशी व्यवस्था लावली. पहिल्या खेपेला यंत्रानं जे विणलं त्यातून हात काय, अख्खं मांजर आरपार गेलं असतं.

"हे काय?" सासूनं ते चिमटीत धरून विचारलं.

"बाही."

"कोणाची? भुताची?"

महिनाभरात बाही माणसाची झाली. मग वहिनीनं प्रोग्राम आणि त्याचं मूळ लिखाण, म्हणजे माणसाला वाचता येईल अशी त्याची संहिता, दोन्ही इंटरनेटवर ठेवलं. घ्या, वापरा, बदला. अट एकच, बदललंत तर तो बदलही असाच सगळ्यांसाठी उघडा ठेवा. बंद पडलेल्या त्या कंपनीची यंत्रं जगभर कुठे कुठे धूळ खात पडली होती. त्यांचे मालक हळूहळू गोळा झाले आणि त्यांचा टपालगट बनला: एकानं लिहिलं की ते सगळ्यांना पोचायचं.

नवरा पोस्टमन. त्याला हा प्रकार मुळातच संशयास्पद वाटे. "तिकीट नाही, पाकीट नाही, आणि पत्र पोचतं म्हणतेस. माझ्या पोटावर पाय देणार तू," असं म्हणत तो सायकलला टांग मारी. जावेची तक्रार जास्त खरी होती. फोन दोन्ही बिऱ्हाडांत मिळून एक, आणि वहिनी इंटरनेटला जोडली गेली की तो मुका.

"अगं, माझी बहीण सकाळपासून फोन लावतेय. तिला वाटलं आपण मेलो!"

"पाच मिनिटं, ताई. गाठोडं उतरतंय."

गाठोडं हा टपालगटातला रोजचा शब्द होता. बहुतेकांकडे हीच रड: फोन एक, माणसं अनेक. म्हणून जोडणी करायची, गटातली सगळी नवी पत्रं एकदम उतरवून घ्यायची, फोन सोडायचा आणि मग निवांत वाचायची. वाचून झालेलं गाठोडं कोणी फेकत नसे. ते संगणकात कुठेतरी पडून राही. या आळशी सवयीचं मोल तेव्हा कोणालाच कळलं नव्हतं.

दुसरी रीत वहिनीनं घालून दिलेली. टाक्यात कोणीही सुधारणा सुचवली, तरी ती लगेच स्वीकारायची नाही. ती गटात पाठवायची; तिघांनी मूळ लिखाणापासून प्रोग्राम आपल्या घरी बांधून, आपल्या यंत्रावर चालवून पाहायचा आणि 'बसला' असा एका शब्दाचा शेरा द्यायचा. तीन 'बसला' आल्याशिवाय सुधारणा पक्की नाही, मग ती खुद्द वहिनीची का असेना. वैतागलेल्या कोणीतरी याला तीन सासवांचा नियम म्हटलं आणि ते नाव चिकटलं. "एका सासूला पुरे पडता पडता आयुष्य जातं, इथे तीन," असं एकीनं लिहिलं होतं. तिच्या त्या सुधारणेतली चूक दुसऱ्या सासूनं पकडली, हेही खरं.

या सासवांत सगळ्यांत खट एक घड्याळजी होता. दुकानात घड्याळं दुरुस्त करायचा आणि बायकोच्या यंत्रासाठी गटात आला होता. ठोकळा रांगेच्या टोकाला पोचून उलटा फिरतो तो क्षण अचूक ओळखणं हे टाक्याचं सगळ्यांत नाजूक काम. वहिनीचा त्यासाठी लिहिलेला भाग दर वीस-पंचवीस ओळींनी एक टाका गाळायचा. घड्याळजीनं तो भाग नव्यानं लिहिला, आणि गळती कायमची थांबली. टाक्यातला 'वळणाचा भाग' तो हाच. तो इतका लांब होता की पत्रात मावेना. म्हणून तेवढा एकच भाग गटात न पाठवता थेट सर्व्हरवर, म्हणजे टाक्याच्या इंटरनेटवरच्या जागेत, ठेवला गेला.

वर्षभरातच दोघांचं फाटलं. निमित्त वहिनीच्या त्या एका अटीचं, म्हणजे टाक्याच्या परवान्याचं.

"दिलं म्हणजे दिलं," त्यानं लिहिलं. "देताना अट घालायची, तर ते देणं कसलं? उद्या एखाद्या कंपनीनं टाका घेऊन बंद डब्यात घालून विकला तर विकू दे की. आपलं काय जातं?"

"मी दान करत नाहीये," वहिनीचं उत्तर. "वीण शिकवतेय. जी शिकेल तिनं पुढच्या बाईला शिकवायची. शिकून दाराला कडी लावून बसायचं नाही."

"तुम्ही फार हुकूम सोडता, वहिनी."

"सवय आहे. मी टायपिंग शिकवते."

आठवडाभर ही लढाई चालली. शेवटी घड्याळजीनं टाक्याची एक प्रत उचलली आणि वेगळी चूल मांडली. त्याच्या चुलीला त्यानं 'वेगळा टाका' असं नाव दिलं. त्यानंतर दोघांत एका शब्दाचाही व्यवहार उरला नाही.

वर्षं गेली. फोन खिशात आले, जावेची तक्रार संपली, नवरा निवृत्त झाला. एका टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये बायकांनी विणकामाचा गट काढला. तिथली सगळी यंत्रं भंगारातून सोडवून आणलेली आणि टाक्यावर चालणारी. वहिनी आठवड्यातून दोनदा तिथे जाई. तिथले जुने संगणक एकामागून एक धारातीर्थी पडले, आणि नव्या संगणकांवर जुना तयार प्रोग्राम चालेना. त्यात वहिनीला काही विशेष वाटलं नाही. मूळ लिखाण हाताशी आहे, त्यात थोडे फेरफार करून प्रोग्राम पुन्हा बांधू, झालं.

ती सर्व्हरकडे वळली, तर सर्व्हरच नाही. जागा फुकट देणाऱ्या कंपनीनं आपलं दुकान बंद केलं होतं. तशी सूचना कंपनीनं पाठवलीही होती, पण वहिनीनं कधीच सोडून दिलेल्या पत्त्यावर. तरीही वहिनी डगमगली नाही. दर आठवड्याला सर्व्हरवरच्या सगळ्याची प्रत घरच्या डिस्कवर आपोआप पडावी अशी सोय तिनं फार पूर्वी करून ठेवली होती. तिनं डिस्क उघडली. प्रती होत्या, आठवड्यागणिक होत्या, तारखेनिशी नीट मांडलेल्या. आणि सगळ्या रिकाम्या होत्या. मध्ये कधीतरी तिनं सर्व्हरवरच्या फोल्डरचं नाव बदललं होतं. तेव्हापासून ती सोय इमानेइतबारे अस्तित्वात नसलेल्या फोल्डरची प्रत काढत आली होती.

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. लोकांच्या एकेका ओळीला तीन सासवा लावणाऱ्या बाईनं स्वतःच्या साठवणीला एकही लावली नव्हती.

हॉलमध्ये तोवर एक विक्रेता येऊन गेला होता. त्याच्या कंपनीची नवी यंत्रं, त्यांच्याबरोबर बंद डब्यातला प्रोग्राम. जुनी यंत्रं तो भंगाराच्या भावानं उचलणार. बोलायला गोड होता. "मॅडम, फुकटच्या गोष्टीला वाली कोण? बिघडलं तर हाक कोणाला मारणार?" गटाच्या अध्यक्ष, म्हणजे गटातल्या सगळ्यांत थोरल्या बाई, वहिनीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला तो माणूस आवडत नाही. पण बायकांना काम हवं. बैठक पुढल्या महिन्यात आहे. तोवर टाका चालला तर ठीक, नाहीतर यंत्रं जातील. मी थांबवू शकणार नाही."

वहिनीनं त्याच दिवशी आठवतील तितक्या जुन्या पत्त्यांवर लिहिलं. चूक लपवली नाही: 'साठवण रिकामी निघाली. दोष माझा. तुमच्या जुन्या संगणकांत गाठोडी असतील तर शोधा.'

आणि गाठोडी आली. बस चालवून निवृत्त झालेला एक गृहस्थ टोप्या विणायचा. त्यानं माळ्यावरचा संगणक खाली काढला, त्यातून तीन वर्षांची पत्रं निघाली. एका शिक्षिकेकडे संगणकाच्या जुन्या चकत्यांचा डबा होता, वर 'फेकू नये' असं लिहिलेला. लिहून ठेवल्यामुळेच तो फेकला गेला नव्हता. कोणाकडे पहिली दोन वर्षं, कोणाकडे मधली. प्रत्येक सुधारणा गटात पाठवण्याच्या त्या कटकटीच्या नियमामुळे प्रत्येक ओळ कोणाच्या ना कोणाच्या गाठोड्यात होती. वहिनी एकेक तुकडा दुसऱ्याशी ताडून जागेवर बसवत गेली. दोन प्रती जुळल्या नाहीत तर तिसरी मागवी.

सगळं जुळलं. राहिला फक्त वळणाचा भाग. तो पत्रातून कधी गेलाच नव्हता. तो पारखणाऱ्या तिघांतली एक आता हयात नव्हती, दुसऱ्याची डिस्क केव्हाच गेली होती. तिसरी सासू स्वतः वहिनी. उरला फक्त तो लिहिणारा घड्याळजी.

"लिही की त्याला," नवरा म्हणाला.

"कुठल्या तोंडानं?"

"तोंड कशाला लागतं? तुझं टपाल बिनातोंडाचंच आहे."

वहिनीनं लिहिलं नाही, फोन केला. नंबर त्याच्या दुकानाच्या पाटीच्या इंटरनेटवरच्या फोटोत सापडला.

"मी वहिनी बोलतेय. टाक्यातली."

पलीकडे घड्याळांची टिकटिक चालू होती. तिच्यातूनच आवाज आला, "परवाना बदललात का?"

"नाही."

"मग कशाला फोन केलात?"

"वळणाचा भाग हवाय. माझ्याकडचा गेला. तुमच्या वेगळ्या टाक्यात असेल."

"आहे. बायको अजून त्याच्यावर विणते." मग तो म्हणाला, "पाठवतो. आणि ऐका, फाइल उघडलीत की दचकू नका. वरती तुमचीच अट आहे. जशीच्या तशी."

"तुम्ही काढली नाहीत?"

"मला पटत नाही ती. आजही पटत नाही. पण माल तुमचा, अट तुमची. न पटलेली अट पाळता येत नाही असं थोडंच आहे? एका कंपनीनं विचारलंही होतं, हे आम्हाला बंद करून विकायला चालेल का म्हणून. म्हटलं, वहिनीला विचारा. ती खवीस आहे."

वहिनी हसली की रडली याबद्दल नवऱ्याची आणि जावेची साक्ष जुळत नाही.

बैठकीच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. विक्रेता पहिल्या रांगेत, मांडीवर माहितीपत्रकं. नव्या संगणकासाठी पुन्हा बांधलेला टाका वहिनीनं आदल्या दिवशीच सगळ्यांना पाठवला होता. तिच्या घरच्या यंत्रावर तो सुरेख चालत होता. पण ती उठून तसं म्हणेना.

"अहो, चालतोय ना? मग सांगा की!" एकजण ओरडली.

"माझ्याकडे चालतो, त्याला किंमत नाही. तीन सासवा झाल्या की सांगेन."

हॉलमधलं यंत्र सुरू झालं. अध्यक्षबाईंनी स्वतः ठोकळा धरला. गेला, वळला, आला, वळला. ओळींमागून ओळी खाली उतरल्या, नक्षी उमलली. बाईंनी कापड उजेडाकडे धरून नखानं तपासलं. एकही टाका गळला नव्हता. "बसला!" त्या म्हणाल्या, आणि बायकांनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला. बसवाल्याचा निरोप: 'बसला. टोपी तयार.'

तिसरा शेरा येईना. विक्रेत्यानं घड्याळ पाहिलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "दोघी झाल्या. आता तिसरीचं नाटक कशाला?"

"तिसरी सगळ्यांत खट आहे," वहिनी म्हणाली. "तिच्याशिवाय नाही."

फोन पुन्हा वाजला. वहिनीनं निरोप आधी मनात वाचला, मग उभी राहून मोठ्यानं वाचला: "बसला. बायको म्हणते, पूर्वीपेक्षा गुळगुळीत. परवान्याबद्दल माझं मत मात्र तेच."

हॉलमध्ये जो गलका उसळला त्यात खालच्या टायरवाल्यानं छताला काठी ठोकल्याचंही कोणाला कळलं नाही. विक्रेत्यानं माहितीपत्रकं गोळा केली. तो दाराशी पोचला तेव्हा वहिनीनं त्याला थांबवलं.

"तुम्ही विचारलं होतंत, वाली कोण म्हणून. आत्ता ऐकलेत ते. आणि तुम्हालाही हवा असला टाका तर घ्या. अट तेवढी वाचा."

सगळं लिखाण आणि सगळी जुनी पत्रं आता तीन घरांत राहतात: वहिनीकडे, शिक्षिकेकडे आणि घड्याळजीकडे. दर महिन्याला तिघं एकमेकांची प्रत उघडून पाहतात आणि एका शब्दाचा शेरा देतात. वेगळी चूल पुन्हा मोठ्या चुलीत आली. भांडण आलं ते मात्र सोबत घेऊनच. गटात सध्या त्याचं दुसरं पर्व जोरात चालू आहे.

बैठकीच्या त्या संध्याकाळी वहिनी हॉलमध्ये विणलेल्या कापडाची बाही शिवून घरी घेऊन गेली. सासू आता फारशी उठत नसे. तिनं कापड चिमटीत धरलं, डोळ्यांजवळ नेलं, आत हात घालून पाहिला.

"बाही ना?"

"हो."

"ही माणसाची आहे," म्हातारी म्हणाली, आणि हात काही बाहेर काढेना.