परत आलेले चष्मे

माझी मावशी चष्म्याच्या काचा घासते. एकतीस वर्षं झाली. आपण दुकानात फ्रेम निवडतो, नंबरचा कागद देतो आणि दोन दिवसांनी चष्मा घेऊन जातो. त्या दोन दिवसांत काच फ्रेमच्या मापाची कुणी केली, हे आपण विचारत नाही. शहरातल्या सात-आठ दुकानांचं हे काम एका तळमजल्यावरच्या कारखान्यात येतं. तिथं पाच माणसं बसतात, आणि खिडकीजवळचं घासायचं चाक मावशीचं.

कारखान्यात तिला दुर्बीण म्हणतात. काच हातात आली की यंत्रावर ठेवायच्या आधीच ती नंबर सांगते. हात लांब करून काच खिडकीच्या गजासमोर धरायची आणि हळूच आडवी हलवायची. काचेतला गज उलट्या दिशेला पळाला तर नंबर अधिक, काचेबरोबर निघाला तर उणे. किती पळाला यावरून केवढा, ते कळतं. तिच्या शेजारी बसणारा फ्रेमवाला तिला चिडवतो, "दुर्बीणबाई, माझ्या सासूचा नंबर पण सांगा एकदा." ती मान वर न करता म्हणते, "तो तुलाच माहीत. रोज खातोस ना बोलणी."

मागच्या वर्षी तिनं ठरवलं की आपला एका महिन्याचा पगार दान करायचा, आणि तो चष्म्यांसाठीच द्यायचा. त्याला कारण माझी आजी. आजी कपडे शिवायची. पंचेचाळिशीत तिला सुई ओवता येईना, टीप वाकडी जायला लागली. घरात सगळ्यांनी मान्य करून टाकलं की बाईचं वय झालं. तिनं मशीनवर चादर टाकली आणि पुढची बारा वर्षं ती कुणाचं तरी मूल सांभाळत, दारात बसून राहिली. ती गेल्यावर मावशी कारखान्यात लागली. तिसऱ्याच आठवड्यात तिला कळलं की आईला फक्त अधिक दोनचा चष्मा हवा होता. त्या नंबरची काच घासायला तिला आता दहा मिनिटं लागतात.

हे ती मला एकदाच बोलली, तेही काच पुसता पुसता. पुढे म्हणाली, "माझ्या पैशातून चष्मा गेला, एवढ्यावर माझं भागणार नाही. त्या माणसाला दिसलं पाहिजे."

माझी आई म्हणजे तिची धाकटी बहीण. तिला या सगळ्याचा कंटाळा आला होता. "ताई, दे की कुठंही. दान करायचंय, स्थळ बघायचं नाही."

"स्थळ बघताना निदान मुलगा समोर आणून बसवतात," मावशी म्हणाली.

मी सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी करते. त्यामुळे मी उत्साहानं एक तक्ता केला. चष्मे वाटणाऱ्या अकरा संस्था, त्यांची स्थापना, वर्षाला किती चष्मे, कार्यालयावर किती खर्च, लोकांनी दिलेले तारे. मावशीनं तो छापील कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि परत दिला. "छान केलंस गं. पण यात चष्मा घालणारा कुठल्या रकान्यात आहे?"

असा रकाना नव्हता. मग आम्ही दोघी सुट्टीच्या दिवशी प्रत्यक्ष जायला लागलो.

पहिली संस्था सगळ्यांत मोठी. काचेचे दरवाजे, गार हवा, भिंतीवर हसणाऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो. टेबलामागची मुलगी खरंच गोड बोलत होती. आतापर्यंत चाळीस हजार चष्मे दिले, असं तिनं सांगितलं.

"एखादा दाखवता?" मावशीनं विचारलं.

"चष्मे इथं नसतात मॅडम. ते थेट शिबिरात जातात. तुम्हाला व्हिडिओ दाखवू का?"

"व्हिडिओत नंबर कसा बघू? बरं, एका वर्षानं त्यातले किती जण चष्मा घालत असतात?"

मुलीनं आतल्या साहेबांना फोन लावला. बराच वेळ ती नुसतं "हो सर, हो सर" करत होती. मग म्हणाली, "तशी माहिती आपण ठेवत नाही, मॅडम. पण तुमच्या नावाचं प्रमाणपत्र लगेच मिळेल."

बाहेर आल्यावर मावशी पायऱ्यांवर थांबून चप्पल नीट घालत म्हणाली, "मुलगी चांगली आहे. तिला नोकरी चांगली मिळो."

दुसरी संस्था कारखान्याच्या मालकांनी सुचवलेली. त्यांच्या ओळखीचे लोक घरोघरी जाऊन जुने चष्मे गोळा करायचे आणि गरजूंना द्यायचे. आम्ही गेलो तेव्हा एका शाळेच्या सभागृहात वाटप चालू होतं. लांब टेबलावर चष्म्यांचा ढीग. लोक एकेक लावून बघत होते, बरा वाटला की घेत होते. एक म्हातारे गृहस्थ काळ्या फ्रेमचा चष्मा लावून खूश होऊन निघाले होते. मावशीनं त्यांना थांबवलं, "काका, एक मिनिट द्याल?" आणि तो चष्मा खिडकीच्या चौकटीसमोर धरून हलवला. मग दोन्ही काचा पुन्हा एकदा.

"ही काच उणे तीनची आहे, ही उणे एकची. दोन्ही लांबचं बघायच्या. काका, तुम्हाला लांबचं दिसत नाही की जवळचं?"

"जवळचं. पेपर वाचायचाय."

तिथला कार्यकर्ता हसतमुख होता. "मावशी, काहीच नसण्यापेक्षा बरं ना?"

"नाही. काहीच नसलं तर माणूस जपून पाय टाकतो. चुकीचा चष्मा चढवला की बिनधास्त चालतो, आणि पडतो."

तिनं त्या ढिगातून काकांना चालेल असा एक शोधून दिला. त्याला अर्धा तास लागला. तोवर तिच्यासमोर रांग लागली. संध्याकाळपर्यंत आम्ही तिथंच होतो. सोमवारी मालकांनी विचारलं, "मग, देणार ना तिथं?" ती म्हणाली, "तिथं दिवसभर देऊन आले. पैसे नाही देणार." मालक म्हणाले, "तुम्ही स्वर्गातही देवाचा नंबर तपासूनच आत जाल बघा."

माझा उत्साह एव्हाना संपत आला होता. अजून तीन ठिकाणं पाहून झाली होती, आणि प्रत्येक ठिकाणी तिला काही ना काही खटकत होतं. मी म्हटलं, "मावशी, शंभर टक्के बिनचूक संस्था मिळणार नाही."

"बिनचूक कोण मागतंय? माझ्या हातून काय कमी काचा फुटल्यात?" ती म्हणाली. "फुटलेली काच कुठं टाकता एवढं दाखवा म्हणावं. कुणी दाखवतच नाही."

हा प्रश्न तिनं पुढच्या जागी सरळ दारातच विचारला. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या होत्या. एका खोलीत डोळे तपासायची खुर्ची आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता, दुसरीत कपाटं. नोकरीतून निवृत्त झालेल्या एक डोळे तपासनीस बाई आणि त्यांचे यजमान मिळून ती संस्था चालवत होते. मावशीनं विचारलं, "तुमच्याकडचे बिघडलेले चष्मे बघायला मिळतील का?"

बाईंना त्यात वावगं काही वाटलं नाही. त्यांनी कपाटाचा खालचा खण ओढला. "हे परत आलेले. या वर्षीचे तेवीस आहेत."

प्रत्येक चष्म्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली होती. कुणाचा, कधी दिला, परत का आला. 'नाकाला टोचतो.' 'मुलगी म्हणते शाळेत चिडवतात, फ्रेम बदलून दिली.' 'नंबर आमच्याकडून चुकला, नवा दिला.' यजमान महिन्याभरानं एकेका घरी जाऊन चौकशी करायचे आणि हे घेऊन यायचे. मावशी खाली मांडी घालून बसली आणि वाचायलाच लागली. मला तिचा चेहरा दिसत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला काही खटकत नव्हतं.

मग खालून उघड्या फ्रेमचा एक तपकिरी चष्मा हातात घेऊन ती थांबली.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'डाव्या डोळ्यानं रेषा तिरकी दिसते. जिन्यावर पायरी चुकली, घोटा मुरगळला.' खाली डोळ्याचा नंबर. तो साधा नव्हता, कोन असलेला होता. अशी काच ठरलेल्या कोनातच घासून फ्रेममध्ये बसवावी लागते, जरा फिरली की जग वाकडं दिसतं. चिठ्ठीवर कोन नव्वद होता. मावशीनं काच दाराच्या उभ्या कडेसमोर धरली, किंचित फिरवली, पुन्हा फिरवली.

"पंचाहत्तर," ती म्हणाली.

बाईंनी यंत्रावर ठेवून पाहिली. "चौऱ्याहत्तर. तुम्ही हातानं ओळखलंत?"

मावशी काचेच्या कडेवरून अंगठा फिरवत होती. नाकाजवळचा खालचा कोपरा ती नेहमी दोनदा घासते, गालाला लागू नये म्हणून. तिला शिकवणाऱ्या उस्तादांची ती सवय. ते गेल्यापासून शहरात तसं दुसरं कुणी करत नाही.

"ही काच मी घासलीय," ती म्हणाली.

या संस्थेचं काम आमच्याच ओळखीच्या एका दुकानामार्फत कारखान्यात यायचं. तिच्यापर्यंत नुसत्या काचा आणि नंबर पोचायचे, माणसं नाहीत. आणि हा चष्मा परत आला ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दुकानदारानं गुपचूप नवा चष्मा दुसऱ्याकडून करून घेतला होता. दुर्बिणीला कोण सांगणार?

मी म्हटलं, "मावशी, कुणाचीही चूक होते."

"होते ना. ही माझी आहे." तिनं चिठ्ठीची तारीख पाहिली. चार महिन्यांपूर्वीची. "कोन बघून बघून मी पंधरा अंश चुकले. पंधरा. शिकाऊ पण एवढं चुकत नाही."

बाई तिच्याकडे नीट पाहत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमचा स्वतःचा चष्मा शेवटचा कधी तपासलात?"

मी बोटांवर वर्षं मोजली आणि मीच उत्तर दिलं, "सहा वर्षं. कदाचित सात."

"रोज दुसऱ्यांचे नंबर बघते हो," मावशी म्हणाली. "वाटतं, आपलं बघून झालंच."

बाईंनी तिला खुर्चीत बसवलं. उजव्या डोळ्याचा कोन चांगलाच सरकला होता, आणि मोतीबिंदूची सुरुवात होती. हात लांब करून बघताना तिला अजून नीट दिसायचं, पण चाकावर काच लावताना कोनाची बारीक खूण जवळून बघावी लागते, तिथं ती चुकत होती. घाबरायचं कारण नव्हतं, पण कोनाच्या काचा आता तिनं एकटीनं तपासू नयेत, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. मावशीनं ते मान हलवून ऐकलं. मग पिशवीतलं पाकीट काढलं, हातात धरलं, आणि परत पिशवीत ठेवलं.

जिना उतरताना मी विचारलं, "का नाही दिलेस? हीच जागा ना?"

"आज दिले तर ती त्या घोट्याची भरपाई होईल. आईच्या नावाचे पैसे आहेत ते. माझ्या चुकीवर नाही लावायचे. आधी चूक निस्तरते."

दुसऱ्या दिवशी तिनं मालकांना सगळं सांगितलं, फ्रेमवाल्यासमोरच. कोनाची प्रत्येक काच आता माझ्यानंतर दुसऱ्यानं यंत्रावर बघायची, म्हणाली. मालक चुळबुळले. "अहो, हे दुकानदारांना कळलं तर?"

"कळू दे. त्यांना आधीच कळलंय, मलाच उशिरा कळलं." गेल्या चार महिन्यांत आपण घासलेल्या कोनाच्या चष्म्यांची यादी तिनं मागितली. एकोणीस निघाले. पुढचे तीन आठवडे ती कामावरून सुटल्यावर दुकानांमधून पत्ते घेऊन त्या एकोणीस जणांकडे गेली. दोन काचा आणखी चुकल्या होत्या. त्या तिनं पदरच्या पैशानं बदलल्या, स्वतःचा नवा चष्मा लावून, फ्रेमवाल्याला शेजारी बसवून. तो या वेळी काहीच चिडवून बोलला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. "बोल की काहीतरी," ती म्हणाली. "उगाच शोकसभेत बसल्यासारखा बसू नकोस."

मग एका सुट्टीच्या सकाळी आम्ही पुन्हा सायकलच्या दुकानावर गेलो. मावशीनं पाकीट बाईंसमोर ठेवलं.

"किती चष्मे होतील यात ते मी सांगते," बाई म्हणाल्या.

"चष्म्यांना नको. चौकशीला जाता ना महिन्याभरानं, त्याला लावा. यजमानांचे गुडघे दुखतात, बघितलंय मी. रिक्षा करत जा, नाहीतर माणूस ठेवा."

बाईंनी पावतीपुस्तक पुढे ओढलं. "चौकशीला आजवर कुणी पैसे दिलेले नाहीत. लोकांना चष्म्यावर नाव हवं असतं."

"मला नाव नको, त्या माणसाला दिसायला हवं. आणि कारखान्याला सुट्टी असते तेव्हा मी पण जाईन. यादी आहे का या महिन्याची?"

यजमानांनी यादी आणून दिली. पहिलं नाव दोन गल्ल्या सोडून होतं. घरकाम करणाऱ्या एक बाई, अधिक अडीचचा चष्मा. आम्ही गेलो तेव्हा त्या दारात बसून डोळे बारीक करून तांदूळ निवडत होत्या.

"चष्मा मिळाला होता ना तुम्हाला?" मावशीनं विचारलं.

"मिळाला की. फार छान आहे."

"मग घातला का नाहीत?"

"नवा आहे ना," त्या म्हणाल्या. "जपून ठेवलाय. भाचीच्या लग्नात घालणार."

"लग्न कधी आहे?"

"अजून ठरायचंय."

मी हसू दाबलं. मावशी हसली नाही. तिनं पिशवी खाली ठेवली, उंबऱ्याजवळ बसली आणि त्यांच्या ताटातले मूठभर तांदूळ स्वतःपुढे ओढून निवडायला घेतले.

"काढून आणा," ती म्हणाली. "सावकाश आणा. मला आज कामाला जायचं नाही."

त्या बाई हात झटकत उठल्या आणि आत कपाटाची किल्ली शोधायला लागल्या.