‘कुजका दात’चा फोटो

माझा मामा ओळखपत्रांचे फोटो काढतो. एक स्टूल, मागे पांढरा पडदा आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा, एवढंच त्याचं दुकान. अर्ध्या गावाचे चेहरे त्याने काढलेत, पण सगळे कुठल्या ना कुठल्या कार्डावर चिकटून पाकिटात बंद.

"माझा एकही फोटो कोणी धड बघितलेला नाही," तो जेवताना हटकून म्हणायचा. एक तरी फोटो चारचौघांत लागावा, लोकांनी थांबून बघावा, एवढीच त्याची हौस.

"अहो, जेवण गार होतंय," मामी म्हणायची.

अशात एक दिवस ‘कुजका दात’ दुकानात आला. हे चार पोरांच्या पंक बँडचं नाव. ड्रमवाल्याच्या कॉलेजच्या कार्डाचा फोटो मामानेच काढलेला, म्हणून त्यांना हा पत्ता ठाऊक. गायकाचे केस हिरवेगार आणि खराट्यासारखे उभे, नाकात रिंग, पँट गुडघ्यांवर फाटलेली. त्यांना कार्यक्रमाचं पोस्टर गावभर लावायचं होतं.

"काका, एकदम भयानक दिसलो पाहिजे," गायक म्हणाला.

"त्याची काळजीच नको," मामा त्याला खालपासून वरपर्यंत बघत म्हणाला.

फोटो खरंच झकास आला. चौघं दात विचकून उभे, गायकाची जीभ हनुवटीपर्यंत बाहेर. मी स्वतः बघितला. पण तिथे थांबला तर तो माझा मामा कसला! गिऱ्हाइकाला फोटो साफ करून द्यायचा, तोही फुकट आणि न विचारता, हा त्याचा धर्म. कॉम्प्युटरसमोर बसून त्याने आधी एक मुरूम काढला. मग नाकातली रिंग काढली, पोराला टोचत असेल म्हणून. मग केस काळे करून भांग पाडला, गुडघे झाकले, जीभ आत घातली, तोंडं मिटवली. संध्याकाळपर्यंत चौघंही बँकेच्या मुलाखतीला निघाल्यासारखे दिसायला लागले. आणि हा शहाणा ती फाईल थेट छापखान्यात देऊन आला!

पोस्टरं बघून चौघं तडक दुकानात आले. मी कपाळावर हात मारला.

"काका, हे कोण?"

"तुम्हीच की! कसे राजबिंडे दिसताय!"

"माझी आई हा फ्रेम करून लावणार," गायक रडवेल्या आवाजात म्हणाला.

कार्यक्रम तोंडावर आलेला, पुन्हा छापायला वेळ नव्हता. शिव्या घालत का होईना, पोरांनी तीच पोस्टरं चिकटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आम्हाला ते दाखवायला चौकात घेऊन गेला. वर लाल अक्षरांत ‘कुजका दात’, खाली चार सज्जन. पण रात्रीतून कोणीतरी मार्करने चौघांना मिशा काढल्या होत्या, गायकाला शिंगंही. दोन मुली पोस्टरपुढे हसून हसून बेजार झाल्या होत्या.

मला त्या अनोळखी मार्करवाल्याचा असा राग आला! मामीने मामाचा दंड धरला. "अहो, चला घरी."

मामा हलला नाही. चष्मा पुसून तो भिंतीला नाक लागेल इतका जवळ गेला.

"अगं, मिशा बघ. प्रत्येकाला वेगळी, ज्याच्या त्याच्या चेहऱ्याला शोभेल अशी." त्याने एका मिशीवरून बोट फिरवलं. "कोणीतरी बराच वेळ उभं होतं गं माझ्या फोटोपुढे."