यशूच्या फाईलमधली चिंगी

सोलापूरची एसटी बेंबळीच्या स्टँडवर लागली, तरी तीन वर्षांची यशू आण्णांच्या कडेवरून उतरेना. आण्णा म्हणजे माझे वडील. माझा नवरा संदीप कोइमतूरला पंपाच्या कारखान्यात लागला होता. त्यानं खोली बघेपर्यंत आम्ही मायलेकी माहेरीच होतो. आईनं खिडकीतून धपाट्यांचा डबा आत दिला आणि पदर तोंडाला लावला. आण्णांनी यशूला माझ्या मांडीवर ठेवलं नि म्हणाले, "तिकडं कसली का बोली असंना, लेकराला बोलतं ठिव."

मला हसूच आलं. यशू आणि गप्प? गावात तिचं तोंड मिटतच नव्हतं. कोंबड्यांना रागवायची, आमच्या चिंगी शेळीला दिवसभराचं सगळं सांगायची.

कोइमतूरला मात्र ती खरंच गप्प झाली. तिथल्या बालवाडीत ती नुसती बघत बसायची. मुलं तमिळमध्ये काही विचारायची, ही फ्रॉकचं टोक चावायची. हळूहळू घरातही तिचं बोलणं कमी झालं. मला तरी कुठं येत होतं? खालच्या मजल्यावरच्या सेल्वीअक्कांनी पहिल्या दिवशी विचारलं, "साप्टिया?" मी धावत जाऊन सेफ्टीपिन आणून दिली. त्या जेवलीस का म्हणून विचारत होत्या, हे संध्याकाळी संदीपनं सांगितलं. अक्का ती पिन अजून पदराला लावतात आणि मला बघून हसतात.

यशूला गुंतवायला मी रंगवायची, जोडायची पुस्तकं आणली. एकदा गिरवलं की पान संपलं, पुस्तक अडगळीत. बालवाडीच्या बाईंनी मग त्यांच्याकडची एक फाईल दाखवली. प्रत्येक पान प्लॅस्टिकच्या पारदर्शक कप्प्यात. वर मार्करनं गिरवायचं, फडक्यानं पुसायचं, पुन्हा गिरवायचं. चित्रांच्या मागं चपलेच्या पट्ट्याला असते तसली करकर सुटणारी पट्टी, म्हणजे चित्र काढून दुसरीकडं लावता येतं.

मी जोरात कामाला लागले. रिंगांची जाड फाईल आणली, इंटरनेटवरून चित्रं छापून आणली, लॅमिनेशन केलं, कापून कापून अंगठा दुखवून घेतला. सफरचंद, बर्फाचा माणूस, पेंग्विन. यशूनं दोन पानं उलटली आणि फाईल उशाला घेऊन झोपली.

फक्त एका पानावर ती थांबायची. तिथं पांढरी, गोंडस, विलायती शेळी होती. यशू तिच्यावर बोट ठेवून हळूच म्हणाली, "चिंगी कुठाय?"

मी लगेच गावी फोन लावला. "आण्णा, चिंगीचा एक फोटो पाठवा."

आण्णांना फोटो काढता येत नव्हता. पहिल्या फोटोत त्यांचा अंगठा होता, दुसऱ्यात चिंगीचा एक कान. तिसऱ्यात चिंगी आली, पण ती मोबाईल खायला निघालेली. मी तोच छापला. यशूनं तो हातात घेतला आणि अशी खिदळली की खालून अक्का वर आल्या.

मग आण्णांना नादच लागला. मी म्हणायची, गोल काहीतरी हवंय. ते तव्यावरची भाकरी पाठवायचे. चौकोनासाठी खिडकी आली. त्रिकोणाला दोन दिवस लागले. फोनवर वैतागून म्हणाले, "पोरी, सगळ्या बेंबळीत त्रिकोण सापडंना बग." शेवटी आठवडी बाजारातून समोशाचा फोटो आला. मागून आईचा आवाज: "फोटूपुरता म्हनून चार घेतले, अन् समदे ह्यांनीच खाल्ले!" माकणीच्या मावशीनं धरणाचं पाणी पाठवलं, निळ्या रंगाच्या पानासाठी. ज्वारीचं कणीस बघून सेल्वीअक्का ओरडल्या, "चोळम!" त्यांच्याही गावाकडं ते पिकतं. त्या दिवसापासून प्रत्येक चित्राखाली मी दोन ओळी केल्या. एकीत आपला शब्द, दुसरीत अक्कांनी सांगितलेला. माझंही तमिळ तिथूनच सुरू झालं.

यशू हट्टानं फाईल बालवाडीत घेऊन गेली. दुपारी तिला आणायला गेले तर दारापर्यंत गलका. मुलं चिंगीच्या फोटोभोवती जमून ओरडत होती, "आडू! आडू!" तमिळमध्ये शेळीला आडू म्हणतात. यशू मधोमध उभी, गाल लाल, आणि बेंबळीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "आडू न्हाय! चिंगी हाय ती, चिंगी!"

बाई माझ्याकडं बघून हसल्या. मी हसता हसता रडले. दुसऱ्या दिवसापासून तो सगळा वर्ग शेळीला चिंगी म्हणायला लागला, आणि महिनाभरात यशू त्यांच्याशी तमिळमध्ये भांडायला लागली.

तुम्ही गावाकडची माणसं मला विचारता, करमतं का गं तिकडं? माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या मैत्रिणीही तेच विचारतात. करमतं. सणाला जीव गावाकडं ओढ घेतो, कुणी "लई" म्हटलेलं ऐकायला कान तरसतात. पण बेंबळीला गेले की चार दिवसांत सेल्वीअक्कांच्या रसमची आठवण येते. आपण इथलेही नाही, तिथलेही नाही, असं मला आधी वाटायचं आणि वाईट वाटायचं.

या हिवाळ्यात आई-आण्णा पहिल्यांदा कोइमतूरला आले. आण्णा मोबाईल घेऊन यशूबरोबर गल्लीभर हिंडले, नवीन पानांसाठी. नारळवाला, इडलीचं भांडं, रांगोळी. ओळख नाही, भाषा नाही, तरी सगळ्यांना "ह्ये काय?" विचारत सुटले. गल्लीतली पोरं त्यांना "ताता" म्हणजे आजोबा म्हणून हाका मारत मागं मागं.

परतले ते घामाघूम. चपला दाराशी सोडल्या, आईच्या हातून पाण्याचा तांब्या घेतला आणि भिंतीला पाठ टेकून बसले. तेवढ्यात गावाहून माझ्या भावाचा फोन आला. आण्णा, कुठं आहात, असं त्यानं विचारलं असावं.

आण्णांनी पाणी पिऊन तोंड पुसलं. "आता कुठं असणार?" ते म्हणाले. "घरी हाव की."