शाहीनच्या निकाहचा व्हिडिओ आणि आमचे विनायकदादा

डोळे गेलेल्या माणसानं माझा कॉम्प्युटर दुरुस्त केला होता.
आज सकाळी तो माणूसच गेला.

मेहकरात कितीतरी जण विनायकदादांच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकले. मग शुगरनं त्यांची नजर गेली, क्लास बंद पडला. आमच्या फोटो स्टुडिओच्या मागच्या गल्लीत राहायचे.

मागच्या वर्षी मी आणि सुनीलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कॉम्प्युटरला नवी वेगवान डिस्क, एसएसडी, बसवली. जुन्या हार्ड डिस्कवरचं विंडोज तिच्यावर जसंच्या तसं उतरवलं. मशीन भन्नाट पळायला लागलं.

पण जुन्या डिस्कवरचा ई ड्राइव्ह गायब.
लोकांची सगळी लग्नं त्यात.

नेमकी त्याच दुपारी शाहीन तिच्या निकाहचा व्हिडिओ मागायला आली. तिच्या निकाहनंतर थोड्याच दिवसांत अब्बा वारले होते. निकाहात त्यांनी केलेली दुआ फक्त आमच्या व्हिडिओत होती. कॅमेऱ्याचं कार्ड कधीच पुसलेलं.

मी तिला खरं ते सांगितलं.
ती बाकावर बसून राहिली.

सुनील म्हणाला, "फॉरमॅट मारून पाहू का?"

"हात काढ माउसवरून!"

दारात दादा. बायकोच्या, आमच्या काकूंच्या, खांद्यावर हात ठेवून आलेले.

काय झालं ते ऐकून घेतलं, खुर्चीत बसले, हात पुढे केला. मी त्यांची बोटं जुन्या डिस्कवर टेकवली. डोकं तिरपं करून ऐकत राहिले.

"फिरून राह्यली. जित्ती आहे. काऊन रडतं वो? डिस्क मॅनेजमेंट उघड अन् दिसते ते मले वाचून दाखव."

मी वाचलं. जुनी डिस्क ऑफलाइन. कारण, सिग्नेचर कोलिजन.

दादा हसले. "नवी डिस्क जुनीची नक्कल ना? दोघी एकच ओळख सांगून राह्यल्या. विंडोजनं नवीले घरात घेतलं, जुनीले बाहेर उभं केलं. राइट क्लिक कर, ऑनलाइन म्हण."

डिस्क आली! पण अक्षर 'एफ' मिळालं, आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर म्हणे फाइल सापडत नाही.

"ते 'ई'मध्येच शोधंल ना. चेंज ड्राइव्ह लेटर. तिले तिचं अक्षर दे."

दिलं.
एकेक लग्न स्क्रीनवर उघडत गेलं. समोर काळा चष्मा लावून बसलेल्या या माणसाला सगळी डिस्क आतून दिसत होती!

"आधी दुसरीकडं कॉपी काढ," दादा म्हणाले. "मग लाव."

अब्बांचा आवाज स्टुडिओत घुमला. थोडा घोगरा, मध्येच भरून आलेला. शाहीननं ओढणी तोंडाशी धरली.

दादा हळूच म्हणाले, "आवाज वाढव थोडा. मलेही पाहू दे."

आज दुपारी मेहकरातच त्यांना निरोप दिला. शाहीन सासरहून आली होती. काकूंजवळ बसून होती.

दादा, तुमच्यासारखा माणूस मी पुन्हा पाहणार नाही.
शांतपणे जा. आमचा सगळ्यांचा तुम्हाला अखेरचा नमस्कार.